बिडाची पट्टी

पॉलिसीचे कागद हातात आले त्या दिवशी बुद्धभूषण शिंग्यांनी ते तीनदा वाचून काढले. तिन्ही वेळा त्यांच्या मनात एकच आलं, की हे ज्यानं लिहिलंय त्याचा जगात कुणावरही विश्वास नसावा.

शिंगे हे फौंड्रीवाल्यांचे सल्लागार. उद्यमनगरात एका लेथवाल्याच्या डोक्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बीड ओतून एखादा भाग करायचा असला, की साचा कसा असावा, रस कुठून सोडावा, थंड होताना तो भाग किती आकसेल, हे सगळं ठरवून ते ड्रॉइंग करून द्यायचे. चोवीस वर्षं हेच काम. वडील शिरोलीला वाळूचे साचे भरणारे मोल्डर होते, काळ्या वाळूत गुडघे रुतवून जन्म काढला. मुलगा कागदावर बसला. "शिंग्याचं ड्रॉइंग हाय न्हवं? मग ओता डोळं झाकून," असं फौंड्र्यांतून म्हणत. हे वाक्य कानावर आलं की शिंगे खूश व्हायच्या ऐवजी वैतागायचे. डोळे झाकून कशाला, उघडे ठेवून ओता की.

विमा त्यांनी हौसेनं घेतला नव्हता. पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली, की सल्ला देणाऱ्या प्रत्येकाकडे व्यावसायिक जबाबदारीचा विमा पाहिजे. म्हणजे सल्ला चुकला आणि त्यापायी कुणाचं नुकसान झालं, तर भरपाई विमा कंपनी देणार. गल्लीतलाच धैर्यशील एजंट होता. तो कागद घेऊन आला.

"डॉक्टर घेतात, वकील घेतात, काका. उद्या तुमच्या हातनं चूक झाली तर..."

"होणार असं तू धरूनच चाललायस."

"झाली तर, म्हणतोय."

"चोवीस वर्षांत झाली नाही."

"मग हप्ता भरा आणि विसरून जावा."

पण विसरणाऱ्यातले शिंगे नव्हते. कागदातल्या दोन अटी त्यांच्या डोक्यात काट्यासारख्या रुतून बसल्या. पहिली अशी, की चुकीची कुणकुण लागली की लगोलग कंपनीला कळवायचं आणि तिच्यापासून काही लपवायचं नाही. दुसरी अशी, की कंपनीला विचारल्याशिवाय गिऱ्हाइकापुढं चूक कबूल करायची नाही. जिचं काही बिघडलं नाही त्या कंपनीपुढं सगळं उघडं करायचं, आणि ज्याचं वाटोळं झालं त्याच्यापुढं तोंडाला कुलूप लावायचं. ही कुठली रीत, असं शिंग्यांना वाटलं होतं. मग त्यांनी कागद कपाटात ठेवले.

सात महिन्यांनी, एका गुरुवारी सकाळी, कृष्णात पाटलांचा फोन आला. शिरोलीला त्यांची फौंड्री. माणूस सरळ, पण फोनवर बोलला तरी पंचगंगेच्या पलीकडं ऐकू जाईल असा आवाज.

"शिंगे साहेब, तुमच्या ड्रॉइंगनं घात केला बघा. पंपाची साठ केसिंगं परत आलीत. साठच्या साठ!"

"काय झालं?"

"मोठी झालीत. भोकं चार मिलिमीटर सरकलीत. सगळंच मापानं वाढलंय, शंभराला एक."

शंभराला एक. बीड थंड होताना शंभराला एक आकसतं, म्हणून साचा ज्यावरून घेतात तो लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करतात. भाग नेमका तेवढाच मोठा आला असेल, तर आकसण दोनदा धरली गेली होती. एकदा ड्रॉइंगमध्ये आणि एकदा पॅटर्न करताना.

'माझं काही चुकलं असेल तर बघतो,' हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. आयुष्यभर ते असंच बोलत आले होते. तेवढ्यात दुसरी अट आठवली.

"बघतो," एवढंच ते म्हणाले.

"बघता म्हंजे?" पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "एवढंच? बरं. बघा."

हा खाली आलेला आवाज शिंग्यांना ओरडण्यापेक्षा जास्त टोचला. कृष्णातला संशय आला होता, आणि तो आपणच पेरला होता.

धैर्यशीलला त्यांनी लगेच कळवलं. तो म्हणाला, मंगळवारी कंपनीची नुकसान तपासणारी सर्व्हेअर येईल, तोवर कुणाला काही लिहून देऊ नका, कुणाशी जास्त बोलू नका, आणि एक कोरा फॉर्म पाठवतोय त्यात काय घडलं ते भरून ठेवा. "आणि काका, पाटलांनी बोलता बोलता फोनवर काही रेकॉर्ड केलं नाही ना?"

तोपर्यंत ही गोष्ट शिंग्यांच्या ध्यानीमनीही नव्हती.

ऑफिसात अनुजा कॉम्प्युटरपुढं बसली होती. तीन वर्षांपूर्वी पॉलिटेक्निकमधून थेट त्यांच्याकडं आलेली, हुशार, कमी बोलणारी मुलगी. पूर्वी शिंग्यांच्या ड्रॉइंगवर तयार भागाची मापं असायची आणि आकसण पॅटर्न करणारा धरायचा. अनुजा आल्यापासून मशिनवर कापायच्या पॅटर्नसाठी आकसण ड्रॉइंगमध्येच धरली जाऊ लागली. हे केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, मशिनवरच जायचं होतं. पण मशिनवाल्याकडं महिन्याची रांग लागली, म्हणून कृष्णातनं ते ज्ञानू मिस्त्रीकडं हातानं करायला दिलं.

"अनुजा, त्या ड्रॉइंगवर आकसण धरल्याची टीप होती?"

"होती, सर. उजव्या कोपऱ्यात." तिनं ड्रॉइंग उघडून दाखवलं. टीप होती.

शिंगे खुर्ची ओढून जवळ बसले. "ही फाइल शेवटची कधी बदलली, ते कुठं दिसतं?"

तिनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. मग तारीख उघडली. ड्रॉइंग पाठवल्याच्या आदल्या दिवसाची.

"तारीख बदलता येते का?"

"येत असेल, सर. मला येत नाही."

दिवसभर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. संध्याकाळी जाताना रोज 'येते सर' म्हणायची, त्या दिवशी नुसता दरवाजा वाजला. शिंग्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून संशय गेला असं झालं नाही. तो तिच्यावरून उठला आणि दुसरीकडं जाऊन बसला.

ज्ञानू मिस्त्रीचं दुकान उद्यमनगरच्या टोकाला, पत्र्याचं. सागवानाचा भुसा आणि सरसाचा वास. मिस्त्रीचं वय सत्तरीच्या पुढं. शिंग्यांच्या वडिलांच्या काळापासून पॅटर्न करत आलेला सुतार. भिंतीवर तीन खिळे आणि तीन पितळी पट्ट्या. पहिली साधी. दुसरी बिडाची, म्हणजे बीड ओतायच्या कामासाठीची, हिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा शंभराला एकनं मोठा. हिच्यावर साठ लिहिलेलं असलं तरी खरी लांबी सहा मिलिमीटर जास्त. या पट्टीनं मापं घेतली की आकसण आपोआप धरली जाते, हिशोब करावा लागत नाही. तिसरी पोलादाची, ती आणखी लांब. लांबून तिन्ही सारख्याच दिसायच्या.

मिस्त्रीला इंग्रजी टिपा वाचता येत नव्हत्या. म्हणून फार पूर्वी दोघांनी एक रीत पाडली होती. नवं ड्रॉइंग आलं की शिंगे स्वतः दुकानात यायचे, भिंतीवरची योग्य पट्टी काढून ड्रॉइंगवर आडवी ठेवायचे आणि तिच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या पेन्सिलीची एक रेघ मारून खाली सही करायचे. या पट्टीनं काम कर, असा तिचा अर्थ. शिंगे डावखुरे. रेघ उजवीकडून डावीकडं यायची आणि शेवटी पेन्सिल उचलताना तिला बारीक शेपटी फुटायची. रेघ पडल्याशिवाय मिस्त्री लाकडाला करवत लावत नसे.

केसिंगच्या ड्रॉइंगमध्ये आकसण आधीच धरलेली, म्हणून त्यावर आपण साधी पट्टी ठेवली होती, याची शिंग्यांना खात्री होती. निदान शुक्रवारी दुपारी मिस्त्रीच्या दुकानात शिरेपर्यंत तरी होती.

"ज्ञानूतात्या, ते केसिंगचं ड्रॉइंग दाखवता?"

मिस्त्री पटाशीला धार लावत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "न्हाय ऱ्हायलं ते. उंदरांनी खाल्लं."

"उंदरांनी?"

"व्हय. लई झाल्यात."

"बाकीची ड्रॉइंगं?" भिंतीला टेकून वीस-पंचवीस गुंडाळ्या नीट उभ्या होत्या. एकीलाही दात लागले नव्हते.

"त्येंची चव न्हाय आवडली त्येस्नी," मिस्त्री म्हणाला. मग पटाशी खाली ठेवली. "भूषण, उगं डोकं शिणवू नगंस. चूक माजी हाय. पट्टी मीच उलटीपालटी घेतली. कृष्णातला मी सांगितलंय सकाळीच."

शिंगे बघत राहिले. इतक्या वर्षांत रेघ न बघता पट्टी उचलली नाही असा हा माणूस. विचारायच्या आधी कबुली देतो, आणि कागद मात्र दाखवत नाही.

"रेघ बघितली नव्हती?"

"डोळं गेलं की आता. दिसतंय कुटं?" असं म्हणून मिस्त्रीनं पायापाशी पडलेली राईएवढी लोखंडी चूक पहिल्या झटक्यात उचलली आणि डबीत टाकली.

बाहेर येताना शिंग्यांना आधी सुटल्यासारखं वाटलं. कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत ते वाटणं टिकलं. चहाचा पेला हातात आला तेव्हा प्रश्न सुरू झाले. मिस्त्रीला कुणी पढवलंय का? कृष्णातनं? पण मिस्त्रीवर आलं तर कृष्णातच्या हाताला काय लागणार? मग म्हाताऱ्यानं खरंच चूक केली असेल आणि आपली रेघ साध्या पट्टीची निघेल म्हणून कागद नाहीसा केला असेल? तसं असेल तर तो कबुली कशाला देईल? कुठूनही सुरुवात केली तरी विचार फिरून त्याच उंदरांपाशी येत होते.

शनिवारी कृष्णात स्वतः ऑफिसात आले. मोबाइल त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. शिंग्यांची नजर त्याच्यावरून हलेना.

"मिस्त्री येडं झालंय," कृष्णात म्हणाले. "म्हणतंय माजीच चूक. आता त्येच्याकडनं मी काय घेऊ? रंधा? का करवत? शिंगे साहेब, सरळ बोलतो. तुमचा विमा हाय म्हणं."

"कुणी सांगितलं?"

"गावात काय झाकून ऱ्हातंय व्हय? एका कागदावर लिहून द्या, ड्रॉइंग चुकलं म्हणून. कंपनी देईल. तुमच्या खिशाला झळ न्हाय, मी तरलो, मिस्त्री सुटला. सगळ्यांचंच बरं."

"चुकलं असेल तर कंपनी बघेल."

"म्हंजे तुमाला वाटतंय चुकलं न्हाय?"

शिंगे गप्प बसले. आपण गप्प बसलेलंही त्या पालथ्या मोबाइलमध्ये नोंदलं जात असेल, असं त्यांच्या मनात आलं.

"पाटील, एक विचारू? पहिलं केसिंग निघालं तेव्हा मापून बघितलं होतं?"

कृष्णातांनी मोबाइल उचलून खिशात घातला. "शिंग्याचं ड्रॉइंग होतं," ते उठता उठता म्हणाले. "मापायचं कशाला? इतकी वर्सं मापलं न्हाय. आता मापीन. तुमच्या बोलण्यासकट."

रविवारी दुपारी शिंगे फॉर्म घेऊन बसले. 'घटना आपल्या शब्दांत लिहा.' त्यांच्या लक्षात आलं, की लिहिणं फार सोपं आहे. टीप कॉम्प्युटरवर होती, तारखेसकट. मिस्त्रीनं दोन माणसांपुढं चूक कबूल केली होती. कागद उंदरांनी खाल्ला होता. एकही शब्द खोटा न लिहिता बुद्धभूषण शिंगे स्वच्छ राहत होते. विमा कंपनी एक वेळ भरपाई देईल, पण गेलेलं नाव कुठली कंपनी परत देते? शिंग्याच्या पोरानं साठ केसिंगं घालवली, असं एकदा शिरोलीत झालं, की वडिलांच्या वाळूपासून इथवर आलेलं सगळं एका वाक्यात बसणार. त्यांनी पेन उघडलं. "पॅटर्न बनवताना" एवढं लिहिलं आणि थांबले.

त्या दिवशी दुकानात काय झालं होतं? आपण आत गेलो. मिस्त्री वडिलांची काहीतरी आठवण सांगत होता, बाबा भाकरीवर मिरची कशी ठेचायचे ते. आपण हसत भिंतीकडं वळलो. हात वर गेला. कुठल्या खिळ्याकडं? पहिल्या, असं मन सांगत होतं. पण हात काय सांगत होता? वीस वर्षं त्या हातानं मधलीच पट्टी काढली होती.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं. शिंगे सकाळी उगीचच तिकडं गेले, म्हणजे स्वतःला त्यांनी तसंच सांगितलं. सगळीकडं शटर खाली, भटकी कुत्री रस्त्याच्या मधोमध पसरलेली. मिस्त्रीच्या दुकानाचं शटर मात्र हातभर वर होतं. शिंगे वाकून आत शिरले.

मिस्त्री जमिनीवर पोत्यावर बसला होता. शिंग्यांना बघून तो पोत्यावर आणखी सरकून बसला.

"बंदच्या दिवशी काय करालाय, तात्या?"

"बसलोय."

"उठा जरा."

"गुडघा धरलाय."

पोत्याच्या कडेला जाड पांढऱ्या कागदाचा कोपरा दिसत होता.

"तात्या, उठा."

"न्हाय म्हटलं की."

"मग मीही बसतो." शिंगे समोर भुशात बसले. बाहेर एक रिक्षा गेली. मिस्त्रीनं एक शिवी हासडली, कुणाला ते कळलं नाही, आणि तो कुल्ल्यांवर हात टेकून उठला. उठताना गुडघा खरोखरच कटकन वाजला.

ड्रॉइंग अखंड होतं. खालच्या बाजूला निळी रेघ होती, उजवीकडून डावीकडं आलेली, शेवटी शेपटी, खाली सही आणि तारीख. शिंग्यांनी भिंतीवरची साधी पट्टी काढली. यावेळी ती खरोखरच साधी आहे ना, हे तीनदा वाचलं. रेघेच्या एका टोकाला पट्टीचं टोक नीट जुळवलं आणि दुसऱ्या टोकाकडं बघितलं.

पट्टी संपली होती, आणि रेघ अजून उरली होती. सहा मिलिमीटर.

त्यांनी बिडाची पट्टी लावून बघितली नाही. गरज नव्हती.

"फाडणार हुतो," मिस्त्री म्हणाला. "तीन दिवस झालं रोज काढतोय आन् ठेवतोय. पर सही हाय तुजी. सहीचा कागद कसा फाडायचा?"

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"कृष्णातचा फोन आला तवाच काढून बघितलं." मिस्त्री खिळ्यावरच्या पट्टीला उगीचच हात लावत होता. "दिवाळीला कुलूप लावणारच हाय मी. जाणाऱ्या माणसावर एक बोट जादा, काय बिघडतंय? तुला अजून धा-पंधरा वर्सं काढायचीत हितं. तुज्या नावावर डाग पडला तर कोण येणार दारात?"

शिंग्यांनी हातातली पट्टी खिळ्याला जरा जोरातच अडकवली. चार दिवस आपण या म्हाताऱ्याला लबाड समजत होतो, आणि तो लबाडच होता, फक्त उलट्या बाजूनं.

"तात्या, तुम्ही चूक अंगावर घेतलीत तर विमा कंपनी एक रुपया देणार नाही. विमा माझ्या चुकीचा आहे."

"म्हंजे?"

"माझ्या हातून चूक झाली तरच ते भरपाई देतात."

मिस्त्रीनं डोळे बारीक केले. "मग केलीस की चूक! आनि काय पायजे त्येस्नी?"

शिंग्यांना हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदाच. हसता हसताच त्यांनी गुंडाळी करून ड्रॉइंग बगलेत धरलं.

"नेतूस व्हय?" मिस्त्री म्हणाला. "इचार कर. नाव जाईल."

"जाईल," शिंगे म्हणाले. घरी जाऊन त्यांनी "पॅटर्न बनवताना" हे दोन शब्द खोडले आणि त्यापुढं जे लिहिलं ते चार ओळींत संपलं.

मंगळवारी सर्व्हेअर आली. शिवानी नाव, चष्मा, पायात बूट, पुण्याहून पहाटे निघालेली. तिला आधी मिस्त्रीचं दुकान बघायचं होतं. कृष्णातही तिथं आले, एक परत आलेलं केसिंग टेम्पोत टाकून. शिवानीनं त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. ते रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले, नजर शटरवर.

तिनं फॉर्म वाचला. मग पुन्हा वाचला. मग शिंग्यांकडं बघितलं आणि हा तर चोरच, अशा सुरात हळूच विचारलं, "हे तुम्ही स्वतःहून का सांगताय?"

"विचारलंय म्हणून."

"नाही, म्हणजे माझ्याकडं कागद येतात ते 'आमची चूक नाही' असं सांगणारे. तुम्ही तर पुरावा घेऊन आलाय, स्वतःच्या विरुद्ध. त्या मिस्त्रींनी चूक कबूल केलीय असं ऐकलं. ती खोडून तुम्ही स्वतःवर घेताय." तिनं चष्मा वर सरकवला. "पाटील तुमचे जुने गिऱ्हाईक ना? भेटले होते मधे?"

पाटलांशी संगनमत करून हे रचलंय असा संशय तिला होता, पण शिंग्यांना तिचा राग आला नाही. अनुजाला आपण तारीख विचारली तेव्हा आपला चेहरा असाच दिसला असेल, एवढं मात्र वाटलं.

"शनिवारी आले होते. लिहून मागत होते. मी दिलं नाही. रेघ नवी आहे असं वाटत असेल, तर बघा."

"बघणारच आहे." तिनं पिशवीतून कोरा कागद काढला. "मिस्त्री, बिडाची पट्टी द्या. शिंगे सर, जशी मारता तशी रेघ मारा."

मिस्त्रीनं पट्टी काढून दिली. शिंग्यांनी ती आडवी ठेवली, डाव्या हातात पेन्सिल घेतली आणि उजवीकडून सुरुवात केली. शेवटी पेन्सिल उठली तेव्हा शेपटी फुटलीच. शिवानीनं दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या, भिंगातून बघितल्या, मापल्या, फोटो काढले. मग जुनी रेघ जिथं होती तिथं कागदावर तेलाचा आणि बोटांचा जो थर बसला होता, त्यावरून हलकेच नख फिरवलं. रेघ थराच्या खाली होती.

"बरं," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला की नाही, ते त्या 'बरं'वरून कळेना. "बाहेरच्यांशी यावर काही बोलू नका. कंपनीचं पत्र येईपर्यंत. पहिला नग न तपासता साठ ओतले, तोही प्रश्न आहेच, तो मी त्यांना विचारीन."

ती टेम्पोतलं केसिंग मापायला गेली तेव्हा शिंगे शटरखालून बाहेर आले. कृष्णातांनी त्यांचा दंड धरला.

"काय लिवलंसा?"

सगळं ओठांवर होतं. चुकलं माझं, पाटील, हात मधल्या खिळ्याकडं गेला. अगदी एवढंच. ज्याचं नुकसान झालं तो माणूस समोर उभा होता, आणि त्याला सोडून ते एका अनोळखी बाईला सांगून झालं होतं.

"घडलं ते लिहिलंय," शिंगे म्हणाले. "कंपनी कळवेल तुम्हाला."

कृष्णातांनी दंड सोडला. त्यांच्या डोळ्यांत होतं ते स्पष्ट वाचता येत होतं. पक्का झालाय शिंग्या, कागद शिकलाय. शिंग्यांनी ते वाचलं आणि मान खाली घातली. तेवढं सोसणं भागच होतं.

ऑफिसात परत आल्यावर ते अनुजाच्या टेबलापाशी उभे राहिले. हिच्यापुढं चूक कबूल करू नका असं पॉलिसीत कुठंही लिहिलेलं नव्हतं. "तारखेचं विचारायला नको होतं मी," ते म्हणाले. "चूक माझ्या हातची होती."

"मला गुरुवारीच वाटलं होतं, सर," अनुजा म्हणाली. "मिस्त्रींकडची रेघ तुम्हीच मारता ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाही. तारीख विचारलीत."

महिना गेला तरी कंपनीचं पत्र आलं नव्हतं. गोष्ट मात्र शिरोलीभर पोचली होती. कुणाकडून, ते विचारण्यात अर्थ नव्हता. दोन फौंड्र्यांनी ड्रॉइंगांची कामं देणं थांबवलं. तिसरीनं काम पाठवलं, पण सोबत चिठ्ठी होती, 'पहिला नग मापून घेणार.' शिंग्यांनी ती चिठ्ठी फेकली नाही, कपाटात पॉलिसीच्या कागदांवर ठेवली.

त्या कामाचं नवं ड्रॉइंग घेऊन शिंगे आणि अनुजा मिस्त्रीकडं गेले. यावेळी आकसण ड्रॉइंगमध्ये नव्हती. अनुजानं टीप मराठीत, मोठ्या अक्षरात घातली होती. शिंग्यांनी भिंतीकडं हात नेला, थांबले, खिळे मोजले, मधली पट्टी काढली, तिच्यावर काय कोरलंय ते मोठ्यानं वाचलं आणि कागदावर ठेवून रेघ मारली. सही केली.

मिस्त्रीनं रेघेकडं बघितलं. मग भिंतीवरची साधी पट्टी काढली, रेघेला लावली आणि रेघ कितीनं उरते ते नाक कागदाला टेकवून मोजलं. आजवर त्यानं असं कधी केलं नव्हतं.

"सहा," तो म्हणाला. मग जरा ओशाळून, "राग मानू नगंस, भूषण."

"पुन्हा मोजा," शिंगे म्हणाले.